उशी बदलीन, कूस बदलणार नाही

होळी होऊन आठ दिवस झाले होते. सोमवारी सकाळी काशीनाथ सावे यांची मान डावीकडे वळेनाशी झाली, आणि त्या दिवसापासून घोलवडात ज्या कोणाला स्वतःची मान होती त्या प्रत्येकाला काशीनाथना सल्ला द्यायचा अधिकार मिळाला.

काशीनाथनी स्वतः होऊन कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. पण मान ही लपवायची वस्तू नाही. गुडघा लेंग्यात झाकला जातो, पोटाचं दुखणं पोटात राहतं. मान मात्र माणसाच्या आधी गावात पोचते. ते फाटकाबाहेर पडले आणि डाव्या बाजूने नविनभाईंची हाक आली. नविनभाईंचं किराणा दुकान सावे यांच्या चिकूच्या बागेला लागूनच. चाळीस वर्षं नविनभाई दुकानातून "जय श्रीकृष्ण" म्हणत आले आणि काशीनाथ तिकडे मान वळवून "राम राम" म्हणत आले. त्या दिवशी काशीनाथनी समोरच्या विजेच्या खांबाला राम राम केला.

"अरे काशीनाथभाई, मी इकडे आहे ने! रागावला की काय माझ्यावर?"

काशीनाथ वळले. म्हणजे आधी पावलं वळली, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यांत शेवटी छातीवर बसवलेलं डोकं. जत्रेतला रथ वळवताना माणसं चाकाखाली पाचर मारतात, तेवढीच कमी होती.

"मान अडकली!" नविनभाई म्हणाले. दुसऱ्याचं दुखणं आपण आधी ओळखलं याचा माणसाला जो आनंद होतो, तो त्यांच्या तोंडावर होता. "बराबर. उशीचा प्रॉब्लेम. मी तर उशी घेतच नाय. वीस वर्षं झाली, सपाट जमिनीवर सरळ झोपते माणूस."

"म्हणून सकाळी उठल्यावर तुमचा चेहरा फरशीसारखा दिसतो," काशीनाथ म्हणाले आणि टप्प्याटप्प्याने परत सरळ झाले.

दुपारपर्यंत सल्ल्यांचा ढीग झाला. कोणी म्हणालं मिठाची पुरचुंडी गरम करून शेकवा, कोणी म्हणालं उशीखाली विळा ठेवा, केस कापणारा म्हणाला एकदा कडकन मोडून देतो, पैसे पण नकोत. फुकटात मान मोडून घ्यायची वेळ अजून आलेली नाही, असं त्याला सांगून काशीनाथ घरी आले.

मान का अडकली याबद्दल घरात दोन पक्ष होते. चिकू उतरवायचे तर हातात लांब बांबू असतो, त्याच्या टोकाला कडी आणि जाळी. मान मागे टाकून पानांत फळ शोधायचं, कडीत देठ अडकवून हिसका द्यायचा, फळ जाळीत पडतं. असं दिवसभर. अडतीस वर्षं काशीनाथ वर बघत होते. आकाशाकडे इतकं तर साधूही बघत नसतील. त्यामुळे हितेशचं, म्हणजे मुलाचं मत असं, की हे बागेच्या कामाचं दुखणं आणि काम सोडणं हाच उपाय. बकुळाबाईंचं मत निराळं होतं.

"काम नाही न बिम नाही. तुझे बाबा पालथे झोपतात," त्या हितेशला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय. पोटावर पडायचं, तोंड भिंतीकडे, एक हात उशीखाली. वादळात पडलेला माड बरा दिसतो. आणि उशा दोन! खालची तर माझ्या माहेरची, तिच्यातला कापूस दगड होऊन बसलाय."

"त्या उशीला काही बोलायचं नाही," काशीनाथ म्हणाले.

"तिला कुठे बोलतेय? मी तुम्हाला बोलतेय."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण बुधवारी संध्याकाळी हितेश तलासरीच्या कारखान्यातून परत येताना मोटारसायकलवर मागे उमेशला बसवून घेऊन आला. उमेश म्हणजे बागा इजाऱ्याने घेणारा. तीन-तीन वर्षांसाठी बाग ताब्यात घ्यायची, स्वतःची माणसं आणून फळ उतरवायचं, भरायचं, ट्रकने रवाना करायचं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. उमेश इतका गोड बोलायचा, की त्याच्याशी भांडताना आपणच वाईट ठरू अशी भीती वाटे.

"काका, आता तुम्ही आराम करायचा," उमेश म्हणाला. "झाडाखाली खुर्ची टाकायची, चहा घ्यायचा आणि आमच्या माणसांचं काम बघायचं."

"माझ्याच बागेत मी खुर्चीवर बसू? मग मला आणि बुजगावण्याला लोक वेगळं ओळखणार कसे?"

"बाबा, हट्ट नको," हितेश म्हणाला. "तुम्हाला ताट दिसायला वाकावं लागतं, शेंड्याचा चिकू कसा दिसणार?"

उमेशची माणसं कशी काम करतात ते काशीनाथनी शेजारच्या बागेत पाहिलं होतं. फांदी ओढायची, कच्चं-पक्कं सगळं एका हिसक्यात खाली. झाड पुढच्या वर्षी रुसतं. त्यांच्या बागेत एकशेबारा झाडं होती आणि कोणत्या झाडाची कोणती फांदी उशिरा पिकते हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ते हितेशला सांगायचं कसं? शिवाय एक गोष्ट त्यांनी आपल्या वडिलांच्या बाबतीत पाहिली होती. ज्या माणसानं झाडाखाली उभं राहणं सोडलं त्याला आधी बाग विसरते, मग घरचे. वडील खुर्चीत बसले, आणि वर्षाच्या आत लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायला लागले.

"पंधरा दिवस," काशीनाथ म्हणाले. "पुढचा शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी मी माझ्या हातानं दोन क्रेट चिकू उतरवून दाखवतो. मध्ये थांबणार नाही, काठी दुसऱ्याच्या हातात देणार नाही. नाही जमलं तर बाग उमेशला. जमलं तर या घरात पुन्हा इजाऱ्याचा शब्द निघणार नाही."

"दोन क्रेट म्हणजे चाळीस किलो, बाबा."

"मला क्रेट शिकवू नकोस."

उमेशनं हसून हात जोडले. बकुळाबाई साक्षीदार झाल्या. आणि काशीनाथ त्या रात्रीही पालथेच झोपले, हे सांगायला नकोच.

गुरुवारी बकुळाबाईंनी त्यांना डहाणूला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर निलम म्हणजे तिशीतली बाई. तिनं मान दाबून पाहिली, खांदा वर करायला लावला, हाताला मुंग्या येतात का ते विचारलं. येत नव्हत्या.

"झोपता कसे, काका?"

"नेहमीसारखा."

"दाखवा बघू."

तपासायच्या टेबलावर काशीनाथ पालथे पडले, तोंड भिंतीकडे केलं, हात डोक्याखाली घेतला. अगदी घरच्यासारखं. आणि तिथेच मान अडकली. डॉक्टर म्हणाली, "उठा," तर ते उठेनात. बकुळाबाईंनी एका बाजूने ओढलं, डॉक्टरनं दुसऱ्या बाजूने, आणि दाराच्या फटीतून बाहेरच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, गेले वाटतं!" तेव्हा कुठे अपमानाच्या जोरावर काशीनाथ उठून बसले.

डॉक्टरनं नीट समजावलं. पालथं झोपलं की श्वास घ्यायला मान एका बाजूला पिळावी लागते, आणि रात्रभर ती पिळलेलीच राहते. उताणं झोपा, उशी पातळ, मानेच्या खालची पोकळी भरायला टॉवेलची गुंडाळी. कुशीवर झोपायचं तर उशी खांद्याच्या रुंदीएवढी जाड, म्हणजे डोकं ना वर ना खाली, आणि एक उशी गुडघ्यांत. दोन उशा एकावर एक बंद. पालथं झोपणं तर कायमचं बंद.

"बाईसाहेब, सहासष्ट वर्षं मी पालथा झोपतोय."

"म्हणून सहासष्टाव्या वर्षी माझ्याकडे आलात."

बाहेर आल्यावर काशीनाथनी जाहीर केलं, "उशी बदलीन, कूस बदलणार नाही. माणसानं दिवसभर जगाचं ऐकायचं आणि रात्री डोळे मिटल्यावर पण ऐकायचं? मग झोपायचं कशाला?"

उशी बदलायचं ठरल्यावर सून ऋचा पुढे आली. तिनं मोबाइलवर एक उशी मागवली. मधे खड्डा, दोन्ही कडांना उंचवटे, आणि मानेसाठी शास्त्रोक्त. तीन दिवसांनी एवढासा खोका आला. आत उशी पापडासारखी गुंडाळून हवा काढून भरलेली. प्लास्टिक फाडताच ती सुस्कारा टाकून फुगायला लागली, आणि फुगता फुगता सगळ्या घरात नव्या रंगाच्या डब्यासारखा वास पसरला. काशीनाथ तिच्यावर पालथे पडले. नाक बरोबर खड्ड्यात गेलं. उताण्या माणसाच्या मानेसाठी जे शास्त्र होतं, ते पालथ्या माणसाच्या नाकाला लागू नव्हतं. शिवाय मार्चचा उकाडा. सकाळी उशीवर त्यांच्या तोंडाचा ठसा उमटलेला होता, आणि तो दुपारपर्यंत गेला नाही. बकुळाबाईंनी त्याच्याकडे पाहून "झोपेत पण आठ्या!" एवढंच म्हटलं.

उशी परत करायची तर मूळ खोक्यात हवी. आता ती खोक्याच्या चौपट झालेली. काशीनाथ बसले, बकुळाबाई बसल्या, ऋचा बसली, नविनभाईंना बोलावून त्यांनाही बसवलं. चार जणांच्या वजनानं उशी दबली, पण मग खोका बंद करायला कोणी शिल्लक राहिलं नाही. एक जण उठला की एक कोपरा वर येई. न्यायला आलेल्या कुरिअरवाल्यानं हे थोडा वेळ पाहिलं आणि "फुगलेला माल घेत नाय" असं सांगून तो निघून गेला. ती उशी आता ओटीवर आहे. नविनभाई आले की तिच्यावर बसतात आणि उशी किती वाईट वस्तू आहे ते सांगतात.

पैजेचे सहा दिवस गेले होते. मान जिथल्या तिथे.

"शेट, सावरीचा कापूस घ्या," लहान्या म्हणाला. लहान्या तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. तीस वर्षं काशीनाथांच्या बरोबर त्याच बागेत काठी धरतोय. वयही त्यांच्याएवढंच, पण मान मात्र चिमणीसारखी चौफेर फिरणारी. "माझ्या बांधावर सावर आहे. बोंडं फुटलीत. नुसता उडून चाललाय."

"तू त्याच्यावर झोपतोस?"

"मी? मी दंडावर डोकं टेकून झोपतो. कापूस तुमच्यासाठी."

सावरीचा कापूस म्हणजे हाताला लागतो न लागतो असा मऊ. लहान्याची बायको लाडकी हिनं दोन पोती ठासून भरून दिली. देता देता ती हसून म्हणाली, "उशीनं मान आळशी होते, शेट. एवढी लाडावली, म्हणून रुसलीय." काशीनाथनी तिच्याकडे बघायला छाती वळवली, तोवर ती आत गेली होती.

परतीला दोघं पोती घेऊन रिक्षात बसले. वाटेत जंगलाचा नाका. लाकूडफाटा तपासणारा रक्षक बाहेर आला. नवा असावा, कारण तो पुस्तकाबरहुकूम वागत होता.

"पोत्यात काय?"

"उशी," काशीनाथ म्हणाले.

"उशी कुठे आहे? हा तर कापूस."

"अजून व्हायची आहे."

"माझ्याकडे बघून बोला."

रक्षक डाव्या बाजूला उभा होता. काशीनाथ समोर बघत म्हणाले, "ते जमलं असतं तर इथे आलो नसतो."

रक्षकाला ते उर्मट वाटलं. त्यानं दोघांना खाली उतरवलं. झाड कोणाच्या जमिनीत? तोडलंय की उभं आहे? उभं आहे आणि जमीन लहान्याची, तर पास करून देतो, म्हणाला. त्यानं वही उघडली. वहीत लाकडाला रकाना होता, कोळशाला होता, डिंकाला आणि मधाला होता. कापसाला नव्हता. मग "इतर" मध्ये लिहायचं ठरलं. पण "इतर"ला वजन लागतं. नाक्यावरचा काटा ओंडक्यांसाठीचा, त्याच्यावर पोतं ठेवलं तर काटा हललासुद्धा नाही. दोन्ही पोती ठेवली. तरी शून्य.

"शून्य वजनाचा पास देता येत नाही," रक्षक म्हणाला.

"मग तसंच जाऊ द्या."

"पासाशिवाय माल सोडता येत नाही."

"साहेब, शून्य वजन म्हणजे मालच नाही. नसलेला माल तुम्ही अडवलाय," काशीनाथ म्हणाले. मानेनं दगा दिला असला तरी जीभ अजून सगळीकडे वळत होती.

रक्षक विचारात पडला. आत दुसरं काही वजनदार असेल, या संशयानं त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि हात घातला. लहान्या म्हणाला, "साहेब, नको, वारा..." पण वारा कोणाची वाट बघत नाही. दुपारी खाडीकडून सुटतो तो आला, आणि पोतं जणू उसासून रिकामं झालं. कापूस वहीवर गेला, काट्यावर गेला, समोरच्या टपरीवरच्या भज्यांवर गेला. रक्षक नखशिखांत पांढरा झाला, दाढी लावलेल्या सोंगासारखा. त्याला शिंका सुरू झाल्या आणि शिंकता शिंकता तो हातानं "जा, जा" म्हणून खुणा करत राहिला.

दुसरं पोतंही धावपळीत उलटलं होतं. वेचून वेचून जे हाती लागलं, त्याची हातानं थापलेल्या थालीपिठाएवढी उशी झाली.

"घ्या, डॉक्टरांनी सांगितली तशी पातळ उशी मिळाली," बकुळाबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी सांगितली म्हणून नाही. वाऱ्यानं ठेवली तेवढी," काशीनाथ म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता.

आता पातळ उशीवर पालथं झोपणं म्हणजे फळीवर नाक घासणं. त्यामुळे काशीनाथ उताणे झोपू लागले. निदान डोळा लागेपर्यंत. एकदा झोप लागली की शरीर आपलं जुन्या सवयीनं पालथं होई. बकुळाबाईंनी यावर तोड काढली. त्यांनी बंडीच्या पुढच्या बाजूला दोन खिसे शिवले आणि त्यांत कच्चे, दगडासारखे कडक चिकू घालून तोंडं शिवून टाकली. पालथं व्हायला गेलं की फासळीत चिकू रुतायचा, आणि माणूस झोपेतच "आई गं" म्हणून परत उताणा.

"माझ्याच बागेतला चिकू माझ्यावर सोडलास?" काशीनाथनी विचारलं.

"बाहेरचा आणू का?"

पण उपाय लागू पडला. पहिल्या रात्री बारा वेळा "आई गं" झालं, दुसऱ्या रात्री सात वेळा, तिसऱ्या रात्री तीनच वेळा. रविवारी सकाळी काशीनाथ फाटकाबाहेर आले आणि त्यांना नविनभाईंच्या दुकानाची अर्धी पाटी दिसली. अक्षरशः अर्धी, पण पंधरवड्यात पहिल्यांदा. सोमवारी पाऊण दिसली. ते इतके खूश झाले, की पाटी वाचून दाखवायला लहान्याला बोलावलं.

आता जी गोष्ट घडली ती दुसऱ्या कोणत्या गावात घडली असती तर समजण्यासारखी होती. चिकूच्या बागेत जन्मलेला माणूस, चिकूच्या बागेतच नांदलेली बायको, आणि दोघांपैकी एकालाही आठवू नये, की उतरवलेला चिकू उबेला ठेवला की चार-पाच दिवसांत पिकतो! गवतात ठेवतात, पोत्यात गुंडाळतात, ते उगीच नाही. आणि काशीनाथांच्या छातीइतकी ऊब कुठल्या गवताला?

बुधवारी पहाटे दोन्ही चिकू एकदम पिकले. काशीनाथ सवयीनं वळले. फासळीत काही रुतलं नाही. उलट कोमट, गोड, मऊ काहीतरी छातीखाली पसरलं आणि ते आणखी गाढ झोपले. तास-दीड तास मनसोक्त पालथे. जागे झाले ते मुंग्यांनी केले. ओट्याखालून, भिंतीवरून, खाटेच्या चारी पायांवरून मुंग्यांच्या रांगा काशीनाथांवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी अंगातली बंडी ओढून काढायला मान झटकली, आणि कट्.

या वेळी डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही, वरही नाही.

"बाबा, शनिवारला तीन दिवस राहिले," हितेश म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. काशीनाथना टोमणा चालला असता.

शुक्रवारी दुपारी ते काठी घेऊन गुपचूप बागेत गेले. उभं राहून त्यांनी दात आवळत मान जेमतेम मागे टाकली. अकरा चिकू उतरवले. बाराव्याला डोळ्यांपुढे चमकलं आणि काठी हातातून सुटली. ते झाडाला पाठ लावून बसले. अकरा. एका क्रेटचा तळही झाकत नाही.

जवळच लहान्या जेवण करून झाडाखाली उताणा पडला होता, डोक्याखाली दंड. त्यानं सगळं पाहिलं होतं. थोड्या वेळानं त्यानं पाय वर केला आणि अंगठ्यानं दाखवलं.

"तो झाला. त्याच्या मागचा पण झाला. तो बघा, फांदीच्या पोटाखाली चार आहेत. उभ्यानं दिसत नाहीत ते."

"कुठे?"

"पडून बघा ना, शेट."

काशीनाथ त्याच्या शेजारी पडले. उताणे. मान जमिनीवर टेकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्यावर कसलाच भार उरला नाही. आणि वर... अडतीस वर्षं ते झाडाच्या खाली उभे होते, पण झाड असं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक फळाचं पोट समोर. कुठलं तयार, कुठलं कच्चं, पानांचा आडोसाच नाही. ते एकेका फांदीवर नजर फिरवत राहिले. मग म्हणाले, "लहान्या, तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तीस वर्षं. तुम्ही विचारलं नाही."

शनिवारी सकाळी उमेश टेम्पो घेऊन आला. हितेश, ऋचा, बकुळाबाई, ओटीवरची उशी बगलेत मारून आलेले नविनभाई, सगळे बागेत पोचले आणि बघतच राहिले. जुन्या झाडाखाली, जिथे फांद्या हाताच्या अंतरावर येतात, तिथे दोरीची बाज टाकलेली होती. बाजेवर काशीनाथ उताणे. चिकूचं देठ तुटलं की पांढरा चीक गळतो. तो डोळ्यांत पडू नये म्हणून त्यांनी हितेशचं हेल्मेट घातलं होतं, काच खाली. हेल्मेटनं डोकं उंच झालं, म्हणून खांद्यांखाली रिकामं पोतं चौघडी करून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं डोकं ना वर ना खाली. काठीचा बुंधा बाजेच्या कडेला टेकवलेला, म्हणजे खांद्याला भार नाही. जाळी वर गेली, हिसका, एक चिकू आत. दुसरा. तिसरा.

"बाबा! हे काय? झोपून?"

हेल्मेटचा एक मोठा गुण असा, की त्यातून जग दिसतं पण जगाचे सल्ले ऐकू येत नाहीत. काशीनाथ उतरवत राहिले.

"आई, हे चालणार नाही," हितेश म्हणाला.

"का? ठरलं होतं हातानं उतरवायचं. हात त्यांचेच आहेत ना?" बकुळाबाई म्हणाल्या. "थांबायचं नाही ठरलं होतं. थांबलेत का? काठी दुसऱ्याला द्यायची नाही. दिली का? मग आता त्यांनी उभं राहून उतरवावे की शीर्षासन करून, ते त्यांचं ते बघतील."

"पण लहान्या जाळी रिकामी करतोय."

"उमेश, तुझ्या माणसांच्या जाळ्या कोण रिकाम्या करतो रे? देव?"

उमेशनं हसून मान हलवली. त्याची हलत होती.

एका झाडाचं खालचं झालं, की लहान्या आणि बकुळाबाई बाज धरून पुढच्या झाडाखाली सरकवत आणि काशीनाथ बाजेवरूनच उतरवत चाललेले. काचेवर चीक ओघळून पांढऱ्या रेघा पडल्या. दोन चिकू जाळी चुकवून थेट हेल्मेटवर आपटले. तिसरा पोटावर आपटला तेव्हा आतून "आई गं" ऐकू आलं, पण सवयीनं कूस बदलली नाही. नविनभाई उशीवर बसून मोठ्यानं मोजत होते आणि शंभराच्या पुढे दोनदा चुकले. पहिला क्रेट भरला. उमेशनं त्यातला एक चिकू उचलला, नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवा नव्हता. दुसरा पाहिला. तोही तयार. देठ मोडलेले नाहीत, फांदीला ओरखडा नाही.

"काका, आमच्या माणसांना शिकवायला याल का?" तो वाकून म्हणाला. एक चिकू जाळीत पडला.

ऊन चढलं तसा दुसरा क्रेट काठोकाठ झाला. उमेशनं हितेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेम्पोकडे गेला. गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्यावर विरून गेला. हितेश बाजेपाशी आला. बापाकडे पाहत त्यानं बोटांनी हेल्मेटवर टकटक केलं.

काशीनाथनी चिकट काच वर केली. चेहरा घामानं निथळत होता.

"दोन झाले, बाबा," हितेश म्हणाला. "उमेश गेला. उठा आता."

"गेला ना?" काशीनाथ म्हणाले. "मग तिसरा क्रेट आण."

आणि त्यांनी काच खाली केली.